बॉनेटवरची दोन बोटं

मिस्त्री आधी दोन बोटं बॉनेटवर टेकवत आणि तोंड दुसरीकडे फिरवत. इंजिन चालू असे. जरा वेळाने अंगठा खांद्यावरून मागे दाखवून म्हणत, ‘थोडं मागे.’

कोपरीत आमच्या चाळीच्या तळमजल्याला एका शेठचं गॅरेज होतं. भाड्याने द्यायच्या त्याच्या मोटारी युद्धाआधीच्या, विलायती. पेट्रोल कधी बरं मिळे, कधी रॉकेलचा वास मारणारं. पेट्रोल बदललं की इंजिनातल्या ठिणगीची वेळ बदलावी लागे. ठिणगी लवकर पडली तर चढावर इंजिन आतून ठोके देतं. उशिरा पडली तर गाडीत दमच राहत नाही. त्यासाठी डिस्ट्रिब्यूटरचा डबा केसभर पुढे किंवा मागे फिरवायचा; मागे म्हणजे ठिणगी उशिरा. वेळ लावायच्या खुणा त्या गाड्यांवरून केव्हाच झिजून गेल्या होत्या. मिस्त्री कानाने वेळ लावत.

असा एखादा कारागीर तुमच्याही पाहण्यात असेल. पण यांची गोष्ट जरा वेगळी होती.

त्यांची बायको खडवलीला, म्हाताऱ्या सासूपाशी आणि भाताच्या शेतापाशी. मिस्त्री गॅरेजमागच्या खोलीत एकटे. खोली टायर आणि डब्यांनी भरलेली. त्यांची पथारी दाराशी. त्यांना गावी जायचं होतं. हे ते रोज बोलत. शेठने कधी नाही म्हटलं नाही.

‘माझी कुठे ना आहे? तुमच्या जागी माणूस तयार करा आणि खुशाल जा.’

माणसं आली, शिकली, कंटाळून गेली. त्यांनी वेळ लावली की मिस्त्री ऐकत आणि पाना हातात घेत. शेवटी टिकला तो सखाराम ड्रायव्हर. त्याने वेळ लावलेली गाडी मुंब्र्याचा चढ चढून आली.

‘मिस्त्री, चढली ना गाडी?’

‘चढली.’

‘मग आता काय राहिलं?’

‘थोडं मागे पाहिजे होतं.’

शेठ खुर्चीतून म्हणाला, ‘बघा, तुम्हीच म्हणताय. मी कुठे अडवलंय?’

मी एकदा त्यांना म्हटलं, ‘एकदा बरोबर म्हणून टाका की. सुटाल.’

‘तोंडातून निघत नाही हो, भाऊ.’

भात कापणीला आला तेव्हा त्यांची बायको रिकामी ट्रंक घेऊन गॅरेजात आली. आडव्या टायरवर बसली आणि थेट शेठशी बोलली.

‘सासूबाईंना उठवत नाही. मी एकटी कुठे कुठे पुरू? ह्यांना न्यायला आलेय.’

शेठने सखारामला वेळ लावायला सांगितली. चाळ कठड्याला येऊन उभी राहिली. सखारामने डबा फिरवला, पेच आवळला. मिस्त्रींनी दोन बोटं बॉनेटवर ठेवली, तोंड फिरवलं. फिरवलं त्या बाजूला बायको बसलेली होती.

‘बरोबर,’ ते म्हणाले.

‘नक्की?’ शेठने विचारलं.

‘नक्की.’

एवढ्या लोकांसमोर शेठला शब्द फिरवता येईना. बायकोने पथारीजवळचे कपडे स्वतः ट्रंकेत भरले. मलाही कामावर जायचं होतं. आम्ही तिघं एकदमच निघालो. वाटेत ट्रंक मिस्त्रींच्या हातात होती. ती बोलत होती. वरच्या तुकड्यातला भात आधी कापायचा, म्हणत होती.

स्टेशनच्या जिन्याशी पोचलो आणि मागून सखाराम गिऱ्हाईक घेऊन चढ चढत आला. इंजिन ठोकत होतं. फार नाही, मला तर मिस्त्री थांबले म्हणून ऐकू आलं.

‘अहो, चला. गाडी लागलीय.’

‘तू हो पुढे. आलोच.’

त्यांनी ट्रंक खाली ठेवली. सखारामने गिऱ्हाईक उतरवलं आणि मिस्त्रींना समोर येताना पाहून हात जोडले. ‘मिस्त्री, आजच्या दिवस तरी राहू द्या. चालतेय गाडी. वहिनी उभ्या आहेत.’

‘बंद करू नकोस,’ मिस्त्री म्हणाले आणि खिशातून पाना काढला.

खडवलीला निघालेल्या माणसाच्या खिशात पाना होता. मी तो पाहिला. तिनेही पाहिला.

तिने पुन्हा हाक मारली नाही. ट्रंक उघडली, त्यांचे सदरे आणि धोतर काढून मोटारीच्या मडगार्डवर नीट ठेवलं, कडी लावली. मग रिकामी ट्रंक उचलून जिना चढू लागली.

मिस्त्रींची दोन बोटं बॉनेटवर होती. तोंड दुसरीकडे होतं.