सगळ्यात हळू पायरी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका घायकुता आणि त्यांच्याइतका चेंगट माणूस अख्ख्या पनवेलात दुसरा नसेल, आणि गंमत म्हणजे हे दोघेही एकाच देहात नांदत होते! नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. तळोज्याला रंगाच्या एका कारखान्यात ते केमिस्ट होते. कुठे काही अडलं की घड्याळ बघत विचारायचे, "यातली सगळ्यात हळू पायरी कोणती?" एकदा रॉकेलच्या रांगेत त्यांनी शोध लावला की माप ओतायला वेळ लागतच नाही, लोक डब्याची झाकणं उघडत बसतात. मग काय, रांगेतल्या प्रत्येकाचं झाकण यांनी उघडून दिलं. रांग भराभरा सरकली आणि यांची पाळी आली तेव्हा रॉकेल संपलं.

बारावीला रिअ‍ॅक्शनची मेकॅनिझम माझ्या डोक्यावरून जायची. गणपतीत आईने मोदकांसाठी बायका जमवल्या होत्या, तर काकांनी मला ओढत स्वयंपाकघरातच नेलं. "बघ, नारळ खवायला दोघी, उकड मळायला एक, आणि पाकळ्या पाडायला एकटी तुझी मावशी. खवायला आणखी दहाजणी बसव. मोदक लवकर होतील?"

"छे! मावशीचे हात तेवढेच ना."

"झालं तर! रिअ‍ॅक्शनही तिच्या सगळ्यात हळू पायरीच्याच वेगाने चालते. त्या पायरीला जे लागत नाही, ते कितीही ओत, ढिम्म फरक पडायचा नाही."

वर्गात चार महिने न कळलेलं मला चुलीपाशी पाच मिनिटांत कळलं.

पण या मावशीचंच काकांशी जमवायचं वर्षभर चाललं होतं. पत्रिका जुळली होती, काकांची आई राजी होती, मावशीला तर ते मनापासून आवडायचे. फक्त काकांचा होकार यायचा होता. माझी आई निरोपावर निरोप धाडायची आणि काका म्हणायचे, "बढतीचं होऊ दे जरा."

मावशीने पाकळी दुमडता दुमडता, मान वर न करता विचारलं, "आणि आपल्यात कोण अडलंय हो?"

सगळ्यांचे हात थांबले. काका कानापर्यंत लाल झाले.

"मीच," ते म्हणाले.

"मग?"

"दिवाळीनंतर नक्की सांगतो."

अहो, कसलं नक्की! दिवाळी गेली, संक्रांतही गेली. शेवटी मावशीने नाशिकच्या एका मास्तरांना होकार दिला.

लग्नात काका पहाटेपासून राबले. पंगत कुठे अडली की हे पाण्याचा जग घेऊन हजर. निघताना मावशी त्यांच्यापाशी थांबली. "जेवलात का?"

"जेवतो, जेवतो. तुम्ही निघा, उशीर होतोय."

मला इतका संताप आला की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. पण बारावीचा निकाल लागला, केमिस्ट्रीत चांगले मार्क पडले, आणि आईने पेढे घेऊन वर पिटाळलं. काकांनी मार्क विचारलेच नाहीत.

"मावशी सुखात आहे ना?"

"हो. खूप."

"मग बरं झालं," म्हणाले, आणि पेढा तसाच हातात धरून बसून राहिले. त्यांना चांगलं सुनावायचं ठरवून गेले होते मी. पण मलाच रडू आलं.