गाडी लागते म्हणून उपाशी

मला गाडी लागायची. आता वय झालं तशी पोटालाही समज आली आहे, पण तेव्हा एसटीच्या डिझेलचा नुसता वास आला तरी तोंडात आंबट पाणी यायचं आणि आमच्या कळस गावचा फाटा मागं पडायच्या आत मी खिडकीला चिकटलेली असायची. लोक हसायचे, मीही हसून घ्यायची. एखादं लग्न चुकलं, एखादी जत्रा चुकली, त्यानं कुणाचं काय बिघडतं?

बिघडलं ते नव्वद सालानंतरच्या एका हिवाळ्यात. थोरल्या दोघींच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी मला तिसरी लेक झाली, आणि तीही साडेसात महिन्यांची. पायाचा अंगठा बघाल तर ज्वारीच्या दाण्याएवढा. बारामतीला लहान मुलांच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवली. ओढून प्यायची ताकद नव्हती तिच्यात. नाकातल्या नळीनं थेंब थेंब दूध सोडायचे. एकदा पावडरचं देऊन बघितलं तर पोट टम्म फुगलं, श्वास लागला. डॉक्टर म्हणाले, "हिला आईचंच दूध पाहिजे. दुसरं काही चालणार नाही."

आठ दिवस मी दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर काढले. बाळंतिणीचं अंग, त्यात थंडी, व्हायचं तेच झालं, ताप भरला. बारामतीत आमचं कुणी नव्हतं. मालक साखर कारखान्यात, सीझन चालू, रजा नाही. मग सासूबाईंनी ठरवलं, रात्री घरी कळसला निजायचं, सकाळच्या पहिल्या एसटीनं बारामती गाठायची. दिवसभर स्टीलच्या वाटीत दूध पिळून द्यायचं, सिस्टर रात्रीपुरतं फ्रीजमध्ये ठेवणार, आणि संध्याकाळी परत. म्हणजे दिवसाला दोनदा एसटी. ज्या बाईला फाट्यापर्यंत निभत नाही, तिला.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. जिवाला जीव देणारी बाई, पण बाळंतिणीच्या बाबतीत कुणाचं ऐकायची नाही. "वारं शिरलं अंगात तर जन्माची सुजशील," म्हणायची. माझ्या कानात कापसाचे बोळे, त्यावर स्कार्फ, स्कार्फावर शाल, आणि शालीवरनं पदर पार हनुवटीपर्यंत. गाडीत शेवटून दुसऱ्या बाकावर, कोपऱ्यात, काच बंद. बाहेरच्या बाजूला ती स्वतः बसायची, वाऱ्याला आडवी. आत मला काय दिसायचं? पदराचं सूत. खाली चाकाचा खडखडाट, पुढं उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागं आमची गाडी ब्रेक मारत, हिसके देत. मी डोळे मिटून लिंबू नाकाला लावून बसायची.

उपाय तर गावभर सांगितले लोकांनी. कुणी म्हणालं कांदा हुंग, कुणी म्हणालं वर्तमानपत्राचा कागद पोटाला बांध. तोही बांधला, घामानं त्याची अक्षरं पोटावर उमटली. आणि सगळ्यांचा मिळून एक उपाय, आत्याचाही तोच, "पोटात काय ठिवूच नगं. असंल तर पडंल ना?"

मला ते पटलं, खोटं कशाला बोलू. मी सकाळचा चहासुद्धा सोडला. दवाखान्यात पोचल्यावर चक्कर यायची, मळमळ जायची नाही, दुपारी दोन घास कसेबसे खायची आणि संध्याकाळची गाडी आठवली की ताट सारायची. उलटी थांबली का? छे! आधी अन्न पडायचं, आता हिरवंकडू पित्त पडायला लागलं. आतडं पिळून निघायचं.

आणि वाटी उतरायला लागली. पहिले दोन-तीन दिवस काठाला टेकायची ती अर्ध्यावर आली. मग बोटभर. मी तासतास बसून पिळायची, छाती काळीनिळी व्हायची, आणि वाटीच्या तळाला नुसता पांढरा चट्टा. काचेपलीकडं लेकीच्या फासळ्या वरखाली होताना दिसायच्या. मी मनात म्हणायची, बाई गं, तुझी आई आटली.

ही ये-जा सुरू होऊन आठवा की नववा दिवस असेल. सिस्टरनं वाटी तिरकी करून बघितली.

"एवढंच?"

मी पदर सावरला.

"उद्याही एवढंच आलं तर पावडरच सुरू करावी लागेल, ताई. रात्रीचं कालच पुरलं नाही."

मी भिंतीला धरून खाली बसले. पावडरनं पोरीचं काय झालं होतं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

"सकाळी खाल्लं काय तुम्ही?" सिस्टरनं विचारलं.

"काय न्हाय."

"काल रात्री?"

"सकाळी गाडी लागती म्हणून..."

"म्हणजे उपाशी राहून दूध काढताय?" ती एवढ्या जोरात ओरडली की डॉक्टर बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी कसं बसते, कुठं बसते, तोंड का झाकते, सगळं विचारलं. मी म्हटलं, "उलटीची गोळी द्या की साहेब."

"गोळीनं तुम्हाला गुंगी येईल, आणि थोडी दुधातनं तिच्यातही उतरेल. एवढ्याशा जिवाला नको." मग स्टूल ओढून बसले. "हे बघा, गाडी वळली की आपल्या कानाच्या आतल्या बाजूला ते कळतं. डोळ्यांना पदराशिवाय काही दिसत नाही. ते म्हणतात, आपण तर जागेवरच आहोत. दोघांचं पटत नाही आणि भोगतं पोट. ड्रायव्हरला कधी गाडी लागलेली बघितली? त्याला वळण आधी दिसतं. पुढं बसा, तोंड उघडं ठेवा, लांबचा रस्ता बघा. आणि निघायच्या आधी थोडं कोरडं खायचंच. रिकामं पोट जास्त ढवळतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चुलीपाशी अर्धी भाकरी चटणीबिगर, मीठ लावून खायला घेतली. आत्यानं बघितलं आणि ताटलीच ओढली.

"येडी हाईस का? वाटंत सगळी पडंल!"

"डॉक्टर म्हणलेत खा. आन् पुढं बस म्हणलेत, तोंड उघडं ठिवून."

"डागदराला काय जातंय? त्यो बाळंत झालाय का कधी?"

मला हसू आलं नाही. मी रडायलाच लागले. म्हटलं, "आत्या, आज वाटी भरली न्हाय तर पावडर चालू करनारेत."

तिनं चुलीतलं लाकूड उगीच मागंपुढं केलं. मग ताटली परत माझ्याकडं सारली. "कान मी बांधनार," म्हणाली. "डोळं तुजं तू बघ."

गाडीत चढलो तर पुढच्या बाकांवर माणसं. एका बाकावर आमच्या भावकीतले, सासऱ्याच्या नात्याचे तात्या. लग्न झाल्यापासून त्यांनी माझा चेहरा बघितला नव्हता, मी कधी दाखवलाच नव्हता. मी दारातच थबकले. कंडक्टर म्हणाला, "वहिनी, ती आमदाराची शीट रिकामी हाय, बसा. आमदार काय आज येत न्हाईत कळसातनं."

ती सीट तात्यांच्या बरोबर पलीकडं. आत्यानं मला दंडाला धरून तिथं बसवलं, माझा पदर आपल्या हातानं मागं सारला आणि तात्यांना म्हणाली, "तात्या, तुमी जरा खिडकीतनं भायेर बगा."

"बगतो की. पोरगी कशी हाय?"

"त्यासाठीच तर चाललंय समदं."

तात्या बारामतीपर्यंत मान अवघडवून बाहेर बघत बसले. मीही लाजेनं आधी खालीच बघत होते, आणि पहिल्याच वळणाला पोटात कळ उठली. भाकरी घशाशी आली. मी दात आवळले आणि मान वर केली. लांब बाभळी, त्यांच्या अलीकडं उसाची ट्रॉली, रस्ता डावीकडं वळत होता. वळण आलं तेव्हा अंग आधीच तयार होतं. पुढचं वळण. त्याच्या पुढचं. घाम फुटला, हातपाय गार पडले, पण एकेक करत वळणं मागं टाकत गेले. मळमळ होती, पण भाकरी जागेवर राहिली.

दवाखान्यात आधी तांब्याभर पाणी प्याले, सिस्टरनं दिलेली पेज खाल्ली, आणि वाटी घेऊन बसले. लगेच काही झालं नाही. पहिल्या वेळेला तोच तळाला चट्टा. मी वाटीकडं बघायचंच सोडलं. दुपारी पुन्हा खाल्लं, पुन्हा बसले. चार वाजता सिस्टरनं वाटी हातातून घेतली. अर्ध्याला थोडी कमी. तिनं पावडरचा डबा कपाटात ठेवून दार लावलं.

संध्याकाळच्या गाडीत पुढं जागा मिळाली नाही. मागं बसले आणि अर्ध्या वाटेतच भडाभडा उलटी झाली, पेज, भाकरी, सगळं. आत्या पाठीवर हात फिरवत होती. "पडू दे," म्हणाली, "दूध तितं ठिवून आलोय आपून."

लेक महिन्यानं घरी आली. पण गाडीतल्या उलटीच्या त्या रात्री ते काही माहीत नव्हतं. घरात शिरल्या शिरल्या आत्यानं शेगडीवर बाजरीची खीर ठेवली आणि माझ्यापुढं बसून राहिली, वाडगा रिकामा होईपर्यंत.