टीव्हीवरची काळी रेघ

टीव्ही बंद करायचा म्हटलं की आमच्या बाबांच्या जिवावर यायचं. कलकत्त्यात टीव्ही नुकताच सुरू झाला होता आणि आमच्या अख्ख्या इमारतीत तो फक्त आमच्याकडे, म्हणजे बदली होऊन आलेल्या एका मराठी सरकारी अधिकाऱ्याकडे. बाबांच्या अंगावर नुसतं मूठभर मांस चढलं होतं. फुटबॉलची मॅच असली की सगळे शेजारी आमच्या बाहेरच्या खोलीत, आणि बाबा यजमान.

अशाच एका मॅचला, खेळ रंगात आलेला असताना, चित्र आक्रसत गेलं आणि पडद्याच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ तेवढी उरली. आवाज मात्र ठणठणीत. कुठल्याही शहाण्या माणसानं सेट बंद केला असता. पण सामना बरोबरीत होता, आणि कुणीतरी म्हणालं, "चलुक ना, दादा." म्हणजे चालू द्या. झालं. चित्र परत येईल म्हणून बाबांनी ब्राइटनेसचं बटण पिळून पार टोकाला नेलं. रेघ अशी लखलखायला लागली की डोळे दिपावेत.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, बंद करा. काहीतरी जळेल."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मग चांगली घोडमी माणसं मुडीचे, म्हणजे तिकडच्या चुरमुऱ्यांचे, बकाणे भरत, एका रेघेकडे टक लावून उरलेली मॅच बघत बसली. गोल झाला तेव्हा त्या रेघेकडे बोट दाखवून भांडलीसुद्धा. ऑफसाइड होता म्हणे. मला आजही आठवलं की संताप येतो.

दुरुस्तीवाला आला, चित्र परत आलं, पण रेघ काही गेली नाही. पांढऱ्याची काळपट झाली एवढंच, चांगली बोटभर रुंद. पिक्चर ट्यूब तेवढ्या भागात जळलीय, नवी मिळेपर्यंत असंच बघा, असं सांगून तो गेला.

"होईल सवय," बाबा म्हणाले.

आईला कशी सवय होणार? पुढच्याच आठवड्यात तिचं गाणं टीव्हीवर लागायचं होतं. ती सुरेख गायची, पण बाबांना तिची थट्टा केल्याशिवाय राहवायचं नाही. गाताना तू डोळे घट्ट मिटतेस, कडू काढा प्यायल्यासारखी दिसतेस, असं चारचौघांत म्हणायचे. ऐकून ऐकून तिनं तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत गाणंच सोडलं. मी डोळे मिटत नाही, असं ती सांगून दमली होती. टीव्हीचं बोलावणं आलं तेव्हा मात्र ती गेली, रेकॉर्डिंग करून आली. आता स्वतःला गाताना ती आयुष्यात पहिल्यांदा बघणार होती. तिला बाकी काही नको होतं, फक्त आपले डोळे बघायचे होते.

त्या संध्याकाळी शेजारी पुन्हा जमले. आधी लांबून तानपुऱ्यासकट आई दिसली, मग कॅमेरा जवळ आला आणि तिथेच थांबला. चेहरा पडदाभर, आणि रेघ नेमकी डोळ्यांवर, पट्टी बांधल्यासारखी. मी मान खाली घालून बघितलं, वर करून बघितलं. जसं काही रेघेच्या मागचं दिसणार होतं. बाबा उठून बटण फिरवायला लागले तर आईचा चेहराच वर सरकत पडद्याबाहेर गेला.

"हात लावू नका," आई म्हणाली. चेहरा जागेवर आला, पुन्हा रेघेखाली.

गाणं संपलं. "खूब भालो" म्हणत शेजारी गेले. आई तशीच बसून होती.

"मिटले होते का हो?" तिनं विचारलं.

"छे, चांगले टक्क उघडे होते," बाबा लगेच म्हणाले. त्यांनाही काही दिसलं नव्हतं, आम्हा कुणालाच दिसलं नव्हतं.

आईनं उठून टीव्ही बंद केला.

"मग इतकी वर्षं मला काय सांगत होतात?"