हापशाला बांधलेली वायर

आमच्या अ‍ॅम्पच्या प्लगला तिसरी पिन नव्हती. ती मी पक्कडीनं कापली होती, दादाच्या सांगण्यावरून, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ती गोष्ट आम्हा दोघांतच राहिली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वाळूजच्या एका कारखान्यात तो फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी गायचा. प्रबोधनाची गाणी, जयंतीचे कार्यक्रम, कुणाच्या स्मृतिदिनाचे कार्यक्रम. पथकात कीबोर्ड, ढोलकी, पॅड आणि मी. मी शहरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. बोलायची वेळ शक्यतो येऊ देत नाही. बेस गिटार मी बहुधा त्यामुळेच धरली असावी. चार जाड तारा, खालचे सूर, आणि सगळ्यांचे डोळे गाणाऱ्याकडे.

अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. ती घ्यायची ठरली तेव्हा मी पंधरा दिवस नुसता वाचत होतो. शेवटी एक नवा, लहानसा अ‍ॅम्प पसंत केला. एका हातानं उचलता यायचा. दुकानात तो छान घुमला. दादा शेजारी उभा राहून हसत होता.

"मास्तर, ही पेटी खोलीत वाजंल. आपल्याला गावच्या मैदानात वाजवायचं हाय. तिथं भिंती नसत्यात."

त्याचं खरं होतं. गिटारचा वरचा सूर थोड्या ताकदीतही कानात शिरतो. खालच्या सुराला हवा ढकलावी लागते. त्यासाठी स्पीकर मोठा लागतो आणि ताकद कितीतरी जास्त. लहान पेटीचा आवाज पूर्ण उघडला की सूर फाटतो आणि राहते ती नुसती फडफड. मग आम्ही जालन्याच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा जुना अ‍ॅम्प आणला. पंधरा इंची स्पीकर, आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर, वजन ज्वारीच्या पोत्याएवढं. रिक्षात तो सीटवर बसे आणि आम्ही दोघं कडेला लटकून.

पहिल्याच कार्यक्रमात त्यानं त्रास दिला. अ‍ॅम्पमधून एक केबल मिक्सरला जाते, म्हणजे बेस मोठ्या बॉक्समधूनही ऐकू येतो. ती केबल जोडली की "घूं" असा आवाज सुरू होई आणि गाणं संपेपर्यंत थांबत नसे. मंडपवाल्यानं उपाय सांगितला: प्लगची तिसरी पिन, अर्थची, कापून टाका. असं का होतं ते मी वाचलेलं होतं. ती पिन कशासाठी असते तेही वाचलेलं होतं. अ‍ॅम्पच्या लोखंडी पेटीत करंट उतरला तर तो जमिनीत जावा, माणसातून जाऊ नये, यासाठी ती असते. मी दादाला ते सांगितलं.

"अरे, अर्ध्या गावांत बोर्डाला तिसरं भोकच नसतंय. काप."

मी कापली. घूं थांबलं. दादाचा साउंड कसा स्वच्छ असतो, असं लोक म्हणू लागले.

काही महिन्यांनी गाता गाता त्याचं डोकं एकदम मागं गेलं. गाणं संपल्यावर त्यानं ओठ चोळले. "मुंगी चावती," एवढंच म्हणाला. पुढच्या कार्यक्रमापासून तो माइकभोवती पांढरा रुमाल गुंडाळू लागला आणि ओठ दोन बोटं लांब ठेवून गाऊ लागला. त्याचा आवाज एवढा मोठा की त्याला ते चालून जाई. लोकांना वाटलं ही त्याची ढब आहे. गावागावातली नवी पोरं रुमाल गुंडाळून गाऊ लागली. वहिनी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रुमालाला इस्त्री करून ठेवायची. मी ते पाहत होतो आणि गप्प होतो.

दादा गेला तो शॉकनं नाही. कारखान्यात पाळीवर असताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

त्याचा पहिला स्मृतिदिन आमच्या गावात झाला. करमाडच्या अलीकडे, विहारासमोरच्या मैदानात. सकाळी वंदना, मग गाणी, मग पाहुण्यांची भाषणं, मग जेवण. गाणार होती दादाची मुलगी. ती शहरात नर्सिंग शिकते. आवाज गोड आहे, पण बारीक. माइकला अगदी ओठ टेकवल्याशिवाय तो पुढं जात नाही. महिनाभर आम्ही माझ्या खोलीवर सराव केला होता. खोलीत माइक लागत नव्हता, त्यामुळे मला कापलेल्या पिनची आठवण झाली नाही, असं मी म्हणू शकलो असतो. पण आठवण होती.

आदल्या दिवशी मी अ‍ॅम्पच्या वायरला तीन पिनांचा नवा प्लग बसवला. कुणाला न सांगता जुनी चूक दुरुस्त करून मोकळं व्हायचं, असा माझा बेत होता.

मैदानात पोचलो तर स्टेजवरच्या बोर्डाला दोनच भोकं. माझा नवा प्लग दोन पिनांचा अडॅप्टर लावून त्यात खोचावा लागला. मागं जनरेटर धडधडत होता. तिथून दोनच तारा आल्या होत्या. धूळ बसावी म्हणून टँकरचं पाणी मारलेलं होतं आणि स्टेजवरची हिरवी मॅट कडेनं ओली झाली होती. स्टेजवर मांडलेल्या प्रतिमांसमोर चप्पल घालून कुणी चढत नाही. पुतणी अनवाणी उभी होती.

"ह्याला अर्थिंग नाही," मी साउंडवाल्याला म्हणालो. तो शहरातला, पानाची पिंक टाकत बोलणारा मोकळा माणूस.

"सर, अर्थिंग किधर से लाऊं? जनरेटर है. सब जगा ऐसाच चलता."

मी खिशातून टेस्टर काढला आणि माइकच्या जाळीला लावला. आतला दिवा लाल झाला.

"टेस्टर का क्या है सर, उसको हवा में पकडो तो भी जलता." साउंडवाला म्हणाला. ढोलकीवाला हसला.

मी अ‍ॅम्प बंद केला. दिवा मंद झाला, पण विझला नाही. अ‍ॅम्प सुरू केला. दिवा पेटला. म्हणजे थोडं साउंडवाल्याच्या सामानातून येत होतं आणि बरंचसं माझ्या पेटीतून, केबलनं मिक्सरला आणि मिक्सरमधून माइकला. साउंडवाल्यानं ते पाहिलं आणि तो दुसरीकडे बघू लागला.

"काका, धरू का माइक?" पुतणीनं हात पुढं केला.

"थांब. हात लावू नको."

तिनं हात मागं घेतला. समोर दोन-तीनशे माणसं उन्हात बसलेली. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत वहिनी. पाहुणे येऊन बसले होते. गावातले एक वयस्कर आबा स्टेजजवळ आले.

"मास्तर, काय चाललंय? लोकं तापलेत."

"आबा, माइकला करंट आहे."

"थोडाफार असतोयच की. तुमच्या भावानं ह्याच मैदानात गायलं ना? त्याला कधी काय झालं व्हय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "बेस नसला तरी चालंल, पोरीला गाऊ द्या!" हशा झाला. इतक्या माणसांसमोर मी कधी अडून बसलो नव्हतो. क्षणभर वाटलं, आपला अ‍ॅम्प बंद करून खाली उतरावं. मंद दिव्यानं कुणी मरत नाही, बहुधा. त्या 'बहुधा'पाशी मी अडकलो.

तेवढ्यात एक पोरगा तरुणांच्या घोळक्यातून उठला. "रुमाल गुंडाळ की ताई! तुझ्या पप्पांवानी!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी खरंच रुमाल पुढं केला.

पुतणी म्हणाली, "माझा आवाज नाय निघत रुमालातून." आणि ती माझ्याकडं बघू लागली. तिला वाटत होतं मी काहीतरी सांगीन.

मी सांगितलं. माइक बंद होता, पण पुढच्या चार रांगांना ऐकू गेलं असणार.

"तो रुमाल हौसेचा नव्हता. दादाच्या ओठांना शॉक बसायचा. ह्या अ‍ॅम्पची अर्थची पिन मी कापली होती. त्यानं सांगितलं आणि मी कापली. आम्हा दोघांना माहीत होतं."

घोळक्यातला पोरगा खाली बसला. मी वहिनीकडं बघायचं टाळत होतो, पण ती उठलेली मला दिसली. पदर सावरत ती स्टेजच्या कडेला आली.

"भाऊजी, काय करावं लागंल?"

मी मैदानाच्या टोकाला बोट दाखवलं. लिंबाखाली हापसा होता, चाळीस-पन्नास पावलांवर. हापशाचा लोखंडी पाइप जमिनीत पार पाण्यापर्यंत उतरलेला असतो. त्याहून चांगलं अर्थिंग त्या गावात दुसरं नव्हतं.

साउंडवाला आता एकदम हलला. वायरचं भेंडोळं घेऊन पळाला, हापशाच्या बुडाचा रंग चाकूनं खरवडला, बोल्टला वायर आवळली. "सर, अपने को किसने बोलाच नहीं कभी," तो परत येत पुटपुटला. इकडच्या टोकाला मी मिक्सर आणि अ‍ॅम्प दोन्ही जोडले. मग लक्षात आलं की आणखी एक गोष्ट उरते. पेटीत जास्त करंट उतरला तर तो ह्या वायरनं हापशावर जाणार. आणि जेवणाच्या पाण्यासाठी बाया सारख्या हापशावर येत होत्या.

"वाजवणं चालू असेस्तोवर हापशाला कुणी हात लावता कामा नये," मी म्हणालो.

"मी थांबते तिथं," वहिनी म्हणाली.

"अगं, तुझी लेक गाणार," आबा म्हणाले. "तू समोर बस. दुसरं कुणी थांबंल."

"दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाय." हे ती आबांना म्हणाली, पण बघत होती माझ्याकडं. मग चालत गेली आणि हापशाला पाठ करून उभी राहिली.

मी टेस्टर पुन्हा लावला. दिवा लागला नाही. तेवढ्यानं भागणार नव्हतं. मी ओल्या मॅटवर अनवाणी उभा राहिलो, डाव्या हातानं गिटारच्या तारा धरल्या आणि उजव्या हाताची मागची बाजू माइकला टेकवली. बोटांनी धरायचं नसतं. शॉक बसला तर मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. काही झालं नाही. मग ओठ लावले. जाळी थंड होती आणि तिला लोखंडाचा वास होता. दादानं ओठ चोळले होते ती संध्याकाळ मला दिसली. मी तसाच थांबलो, मनात दहा मोजेपर्यंत.

"ये," मी पुतणीला म्हणालो.

तिनं माइक घेतला. पहिली ओळ सुरू करताना तिचे ओठ जाळीला टेकले तेव्हा मी तारांकडं बघतच नव्हतो. तिच्या खांद्यांकडं बघत होतो. खांदे उडाले तर वायर उपटायची, म्हणून पाय प्लगजवळ ठेवला होता. पहिलं कडवं मी एका जागी उभा राहून, दोनच सुरांवर काढलं. बारीक घूं पुन्हा येत होतं. येऊ दिलं. दुसऱ्या कडव्यात तिनं डोळे मिटले आणि आवाज सोडला. मग माझी बोटं हलली.

दोन गाणी झाली आणि पाहुण्यांची भाषणं सुरू झाली. मी बाटलीतलं पाणी घेऊन हापशाकडं गेलो. वहिनी उन्हात उभी होती. लिंबाची सावली सरकून गेली होती. तिच्यासमोर रिकाम्या कळश्या आणि बादल्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. तिनं पाणी घेतलं नाही.

"ते मला म्हणायचे, घाम येतो हाताला, म्हणून रुमाल," ती म्हणाली. "आणि मी इस्त्री करून द्यायची."

"हो."

"तुम्ही घरी यायचात. जेवायचात. एकदा तरी बोलायचं."

मी म्हणालो, "दादा म्हणाला होता, सांगू नको. ती गाणं बंद करायला लावेल."

"लावलंच असतं." तिनं डोळे पुसले नाहीत. समोरची एक बादली मागं सारत म्हणाली, "म्हणून तर सांगायचं होतं."

दादा ऐकणारा नव्हता हे खरं. पण पक्कड माझ्या हातात होती हेही तितकंच खरं.

भाषण संपत आलं होतं. मी निघालो तेव्हा तिनं विचारलं, "पोरगी बरी गायली का?"

"तुम्ही ऐकलं ना."

"इथवर तिचा एक शब्द आला नाय, भाऊजी. नुसतं तुमचंच धुम् धुम् येत होतं."

स्टेजवर उभं राहून हे मला कळणं शक्य नव्हतं. जवळ मला माझाच बेस कमी वाटत होता आणि मी तो वाढवत गेलो होतो. खालचे सूर लांबवर पसरत जातात. बारीक आवाज पहिल्या काही रांगांतच संपतो. तिची आई मैदानाच्या ह्या टोकाला दोन गाणी माझा अ‍ॅम्प ऐकत उभी होती.

मी परत गेलो. अ‍ॅम्पचा आवाज निम्म्यावर आणला, मग त्याहून खाली. साउंडवाल्याला म्हणालो, पोरीचा माइक वाढवा, हापशापर्यंत गेला पाहिजे.

"सर, फिर आपका बेस सुनाईच नहीं देंगा."

"नसू दे."

पुतणीनं तिसरं गाणं उचललं. माझ्या बोटांखाली तारा हलत होत्या आणि मला स्वतःला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. मी हापशाकडं बघत वाजवत राहिलो. एक बाई घागर घेऊन आली. वहिनीनं हात आडवा करून तिला थांबवलं, आणि तोच हात वर उचलून तिला गप्प राहायची खूण केली.