फुगवलेली सीट

ट्रॅक्टरवरून उडालेला मी आष्ट्यातला पहिला माणूस नसेन. पण बँडच्या तालावर उडालेला मी एकटाच.

मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्या कण्याचा फोटो उजेडाला धरून बजावलं होतं, की सीटचे हादरे कमी करा, नाहीतर ट्रॅक्टर सोडा. सोडला की स्टेअरिंग बायकोकडे जाणार! सुमन माझ्या नकळत चालवायला शिकूनही बसली होती. मी जिवंत असताना? मुळीच नाही.

पंक्चरवाल्याकडून स्कूटरची जुनी ट्यूब आणली, सीटच्या गादीखाली बांधली आणि टम्म फुगवली. सुमननं अंगठ्यानं दाबून पाहिली.

“आवं, लय कडक झालीया. निम्मी हवा सोडा.”

“निम्मी हवा म्हंजे निम्माच आराम,” मी ठणकावलं. (विज्ञानात मी पास झालो होतो. कसा, ते विचारू नका.)

दुसऱ्या दिवशी बेंदूर, बैलांचा सण. आमच्या गोठ्यात आता बैल नाहीत, म्हणून मिरवणुकीला ट्रॅक्टरच सजवतो. बॉनेटवर झूल, आरशांना गोंडे, सायलेन्सरला बेगड. पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून सुमन मडगार्डवर बसली आणि मी फेटा बांधून निघालो.

रस्त्यात पाइपलाइनीचे चर होते. पहिल्याच चराला मी वीतभर उडालो. खाली आलो तो ट्यूबवर. तिनं मला पुन्हा वर फेकलं. बँडवाल्यांना वाटलं, मालक रंगात आलेत. त्यांनी ताल वाढवला, लोक शिट्ट्या मारू लागले. सुमन थांबवा म्हणत होती; पण थांबवायला पाय ब्रेकवर लागतात आणि माझे हवेत होते. तरी स्टेअरिंग सोडलं नाही! फेटा सुटून डोळ्यांवर आला आणि आम्ही वाजतगाजत चुलत्याच्या उकिरड्यात शिरलो.

इंजिन सुमननं बंद केलं. सगळ्या मिरवणुकीदेखत तिनं गादी उचलली, ट्यूबची निम्मी हवा सोडली, अंगठ्यानं दाबून पाहिली आणि माझ्या जागी बसून ट्रॅक्टर त्याच चरांवरून घरी आणला. ती जागची हलली नाही. मडगार्डवर बसून मला अक्षरशः रडू येत होतं.

घरी येताच मी साफ सांगितलं, की स्टेअरिंग मिळणार नाही.

“ऱ्हाऊ द्या तुमालाच,” ती म्हणाली. “हवा तेवढी मी बघनार.”

तेव्हापासून ट्रॅक्टर मीच चालवतो. रोज सकाळी ती गादी दाबून पाहते आणि म्हणते, “बसा आता.” तिनं म्हटल्याशिवाय मी बसत नाही, पण ते पाठीसाठी. भीतबीत नाही मी कुणाला!