दाराकडे बघणारे गणपती

"हितं बस. हलू नको. तो तुला बघणार हाय, मी नाय."

मांडवीच्या आमच्या गणपतीवाल्यांचं हे वाक्य ज्याने ऐकलं नाही, तो आमच्या आळीतला नव्हेच. नागपंचमीला घरोघरचे पाट त्यांच्या शाळेत जात. मूर्ती घडवतात त्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. ज्या घरचा पाट, त्या घरचा गणपती त्याच पाटावर घडायचा. बाकी सगळं ते एकटे करत, पण डोळे आखायला त्या घरातलं माणूस समोर लागायचं. एकदा एका वकिलांनी गड्याला पाठवलं. "गड्याच्या घरी न्यायचा असल तर आखतो," असा निरोप गेला, आणि वकीलसाहेब छत्री सावरत चिखलातून धावत आले.

कचेरीतून येताना मी तिथे टेकायचो. मातीला हात लावायची मला परवानगी नव्हती, बडबडायची होती. हात चालवता चालवता ते स्वतःबद्दल सांगत. बापाने कितीतरी वर्षं नुसती शाडू मळायला लावली. मग बोटं, मग सोंड. पहिल्यांदा डोळे आखले ते तिरळे झाले. बापाने ती मूर्ती पाण्यात सोडली.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "मी बघत बसलो. कान गेले, सोंड गेली. डोळ्यांचा रंग तेवढा लय वेळ पाण्यावर व्हता."

त्यांच्या घरच्या गणपतीसमोर त्यांचा मुलगा बसायचा. तो मासेमारीच्या लाँचवर कामाला होता, लग्न नुकतंच झालेलं. त्याला स्वस्थ बसणं जमायचं नाही. "मेल्या, किती हलतोस, देवाला चक्कर येल," असं म्हणत बाप मुद्दाम सावकाश आखायचा.

एका वर्षी नारळी पौर्णिमा झाली, लाँच समुद्रात गेली आणि परत आली नाही. पूर्णगडपासून जयगडपर्यंत किनारा शोधून झाला. एक फळकूटसुद्धा मिळालं नाही. इकडे शाळेत सगळ्यांचे गणपती अर्धे, ओले. सुतक धरलं तर त्यांना मूर्तीला हात लावता येणार नव्हता. आळीतले जाणते लोक अंगणात जाऊन उभे राहिले, पण विचारायचं कुणालाच जमेना. शेवटी तेच म्हणाले, "सुतक कसलं? तो येल. तुम्ही आपले गणपती न्यायला या."

आम्ही गेलो, नेहमीसारखे समोर बसलो. त्यांनी डोळे आखले. घरी मखरात ठेवल्यावर आईच्या लक्षात आलं. गणपती आमच्याकडे बघत नव्हता. आमच्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत होता. शेजारी गेलो, तिथेही तेच. सबंध आळीतले गणपती दाराकडे बघत होते.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? भाजीत मीठ कमी पडलं तरी आमच्या आळीत चार दिवस चर्चा चालते. त्या वर्षी कुणी एक शब्द काढला नाही. आरतीच्या वेळी आईने दार सताड उघडं ठेवलं. पाऊस आत येत होता, निरांजन विझू विझू होत होतं, आणि घरातलं कुणीच मागे वळून बघायला धजत नव्हतं. मला तेव्हा खरोखर भीती वाटली.

पुढच्या वर्षीपासून डोळे जागेवर आले. त्यांच्या स्वतःच्या पाटावरचा गणपती मात्र बिनडोळ्यांचाच राही. पूजा नाही, विसर्जन नाही. दिवाळीनंतर ते त्याला भिजवत आणि ती माती पुढच्या सालच्या मातीत मिसळत. म्हणजे वाट बघणारी ती माती थोडी थोडी आमच्या सगळ्यांच्या घरी येत होती. सून कुंकू लावून शाडू मळायची.

अशी काही वर्षं गेली आणि त्यांचा हात कापू लागला. एका हरतालिकेच्या दुपारी मी आमचा गणपती न्यायला गेलो, तेव्हा सून ओट्यावर चहा पीत होती. नवऱ्यासाठीचा उपास तिने आजवर कधी चुकवला नव्हता. ते तिच्या हातातल्या कपाकडे बघत राहिले. तिने कप ठेवला, हात धुतले आणि घरच्या गणपतीसमोर येऊन बसली.

"मामंजी, आखा."

"तिथं तो बसतो."

"त्यांच्या जागेवर नाय बसले मी. बाजूला बसलेय."

मग त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि दोन्ही डोळे आखले. कुंचला धुतला, विहिरीवर गेले आणि नेसत्या धोतरानिशी डोक्यावर पाणी ओतून घेतलं. वर्ष उलटून कळलेल्या मरणाचं सुतक अंघोळीवर फिटतं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी आमचा पाट तसाच धरून उभा होतो. ते निथळत परत आले. सुनेचा हात कपाळाकडे गेलेला दिसला तेव्हा एवढंच म्हणाले, "कुंकू राहू दे तुझं."

त्या चतुर्थीला त्यांच्या घरी आरती झाली. गणपती सुनेकडे बघत होता. माघात ते गेले.

आता शाळा सून चालवते. "बसा हितं, हलू नका," ती म्हणते, आणि पुढचं वाक्य म्हणत नाही. आमचा गणपती नीट आमच्याकडे बघतो. तरी आरतीला दार उघडं ठेवायची आईची सवय घरात राहिली आहे. पाठीवर वारा लागतो. मी अजूनही मागे वळून बघत नाही.