एर्विन क्राउझेची चौकशी

उल्काने घरात मार्टिनचं नाव काढलं, त्याच आठवड्यात मधुमतीबाईंनी चौकशी सुरू केली. स्थळ ब्रिस्टलचं असलं म्हणून काय झालं? पुण्यात मुलाच्या काकाचं व्यसनसुद्धा खणून काढतात, मग इथे डोळे मिटून मुलगी द्यायची? डॉक्टरसाहेबांच्या नोकरीपायी इकडे येऊन वीस वर्षं झाली, पण बाईंचा हा स्वभाव काही पुण्यात राहिला नव्हता.

त्यात मार्टिनचे वडील जर्मन. एर्विन क्राउझे युद्धकैदी म्हणून आला आणि सुटका झाल्यावर परत गेलाच नाही. आधी शेतावर राबला, मग स्टेशनात हमाली केली आणि पुढे तीस वर्षं गावाबाहेरच्या सिग्नल केबिनमध्ये लिव्हर ओढत राहिला. बायको ग्वेन वेल्सची होती, ती चार वर्षांपूर्वी वारली. उल्काने सांगितलेलं हे सगळं बाईंनी ऐकून घेतलं आणि बरोब्बर एका जागी बोट ठेवलं. चाळीस वर्षांत माणूस एकदाही मायदेशी गेला नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

"अहो, तिकडे त्याची पहिली बायको असणार," त्या पद्माकररावांना म्हणाल्या.

"असली तर एव्हाना म्हातारी झाली असेल," डॉक्टर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

"आई, ही इज नॉट अप्लाइंग फॉर अ जॉब," इथेच वाढलेली उल्का चिडली. "तू असा चौकशी करते, मला लाज वाटतो."

एर्विनकडे चहाला जाणं झालं. घर लख्ख, माणूस मोजकं बोलणारा. निघताना मात्र तो फाटकाशी आला आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिच्या मागच्या बाजूकडे टक लावून बघत राहिला. पुढच्या दोन्ही भेटींत तेच. नंबर टिपून घेतोय मेला, बाईंनी ठरवून टाकलं. सरळ माणसाला पाहुण्यांच्या गाडीचा नंबर कशाला लागतो?

त्यांनी कार्डिफच्या मैत्रिणीला, सुप्रभाला, फोन केला. सुप्रभाच्या शेजारी रेल्वेतून रिटायर झालेला एक गार्ड राहायचा, तो एर्विनला ओळखत होता. सुप्रभाने कुंपणावरून सहज म्हणून विषय काढला. गार्डाने तितक्याच सहजपणे एर्विनला फोन करून सगळं सांगितलं.

मंगळवारी दुपारी एर्विन दारात उभा. काखेत तपकिरी फाइल. डॉक्टर हॉस्पिटलात, उल्का कामावर. त्याने टेबलावर एकेक कागद मांडला. कैदेतून सुटल्याचा, नोकरीचा, लग्नाचा, शेवटी ग्वेनच्या मृत्यूचा.

"तुम्ही माझ्याबद्दल विचारताय असं कळलं," तो म्हणाला. "मलाच विचारा."

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण स्वभावाला औषध नसतं. "आमची गाडी जाईपर्यंत मागे काय बघत असता?" त्यांनी विचारलंच.

तो ओशाळला. "सवय. ट्रेनच्या शेवटच्या डब्यावर तांबडा दिवा असतो. तो दिसला की अख्खी ट्रेन गेली, एकही डबा मागे सुटला नाही. मग वेळ लिहायची आणि मागच्या केबिनला घंटा द्यायची की लाइन मोकळी आहे."

एवढंच होय! बाईंना हसू आलं. "इथे लागली का ही सवय?"

"नाही. तिकडे. चव्वेचाळीस साली मी सतरा वर्षांचा होतो, आमच्या गावच्या केबिनमध्ये. सैन्यात अजून घेतलं नव्हतं. तेव्हा मालडब्यांच्या गाड्या जायच्या. दारांना बाहेरून कड्या. आतून माणसांचे आवाज यायचे. मी दिवा बघायचो, वेळ लिहायचो, घंटा द्यायचो. आत कोण आहे, कुठे नेताहेत, कधी विचारलं नाही. ज्यूंच्या छळछावण्यांबद्दल पुढे पेपरात वाचलं."

बाईंनी समोरचे कागद बाजूला सारले. "मार्टिनला माहीत आहे?"

"त्याने कधी विचारलं नाही. ग्वेननेही नाही. तिचे वडील अकरा वर्षं माझ्याशी बोलले नाहीत, पण विचारलं त्यांनीही नाही."

बाईंना त्याचा भयंकर राग आला. वर दयाही आली, आणि त्या दयेचा आणखी राग आला. पहिली बायको निघाली असती तर किती सोपं झालं असतं.

"लग्नाआधी मार्टिनला तुम्ही स्वतः सांगा," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी सांगेन. माझी मुलगी जाणार त्या घरात हे झाकलेलं नको."

त्याने होकारार्थी मान हलवली. कागद गोळा करायला त्याला बराच वेळ लागला.

रविवारी त्याने सांगितलं. मार्टिनने लग्न मोडलं नाही, पण बापाशी बोलणं टाकलं. जुलैत रजिस्टर ऑफिसात मंडळी जमली तेव्हा एर्विन अगदी मागच्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर एकटा बसला होता. मधुमतीबाई पुढून उठल्या, शालू सावरत मागे आल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"मी जाऊ का?" त्याने हळूच विचारलं.

"बसा. मुलाचे वडील आहात." मग जो प्रश्न त्यांना महिनाभर झोपू देत नव्हता, तो त्यांनी खालच्या आवाजात विचारला. "किती गाड्या होत्या?"

"एकोणीस," तो म्हणाला. त्याला आठवावं लागलं नाही.

बाई तिथून उठल्या नाहीत.